ओळंब्यातल्या बाई

बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंत बघायच्या. यजमान "या, या" म्हणतोय, पोरं पाया पडायला पुढे आलीत, आतून पाण्याचा तांब्या निघालाय, आणि बाईंनी पिशवीतून ओळंबा काढलेला. ओळंबा म्हणजे गवंड्यांचा तो, दोरीला पितळी वजन बांधलेला. एक डोळा मिटून दोरी भिंतीशी धरायची, वजन हलायचं थांबेपर्यंत श्वाससुद्धा रोखायचा, आणि मग म्हणायचं, "पोट सुटलंय भिंतीला." हे झाल्यावर मग बसणं, चहा, चौकशी. एकदा एका लग्नात त्यांनी मांडवाच्या खांबाला ओळंबा लावला होता, आणि मुलीचा बाप बिचारा हातातल्या अक्षता तशाच धरून निकालाची वाट बघत उभा होता.

माणसांनाही त्या हेच माप लावायच्या. नवे मुख्याध्यापक कसे? "ओळंब्यात नाहीत." किराणा दुकानदार? "थोडा उजवीकडे कलतो." मी? मला तर त्या तोंडावर सांगायच्या, "मास्तर, तुम्ही पायापासून तिरके आहात." एखादं माणूस किंवा एखादी भिंत ओळंब्यात आहे असं त्यांनी म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी मूळचा जळगावचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. त्याच शाळेत बाई भूमिती शिकवायच्या आणि त्यांच्याच घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. म्हणजे दिवसभर शाळेत बाई, संध्याकाळी अंगणात बाई. सुटका नव्हती. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, सुती पातळ, त्याच्यावर पायात कॅनव्हासचे पांढरे बूट आणि बुडाखाली लुना. त्यांच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तीही अर्थात ओळंब्यात टांगलेली. मी पहिल्या दिवशी माझं कॅलेंडर खिळ्याला लावलं, ते संध्याकाळी परत येईपर्यंत बाईंनी सरळ केलेलं होतं. खोलीला कुलूप होतं तरी. घरमालकीण म्हणून त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती आणि लाजलज्जा मुळीच नव्हती.

आणखी एक सवय होती, ती मला फार लागायची. बाई कुणाकडेही दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या नाहीत. पहिल्यांदा पानात पडेल ते निमूट जेवायच्या आणि मग ताटावर आडवा हात. एकदा मी त्यांना जळगावला आमच्या घरी नेलं. आईनं हिरव्या वांग्यांचं भरीत केलं होतं, काड्यांवर भाजून, लसणाची पात घालून. आमच्या आईचं भरीत आणि माणूस दुसऱ्यांदा घेत नाही म्हणजे काय? आईनं आग्रह केला, शपथ घातली, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं. बाईंचा हात ताटावरून हलला नाही. त्या गेल्यावर आई म्हणाली, "शिकलेली आहे, पण शिष्ट आहे." मीही तेच धरून चाललो होतो.

तर काही वर्षांनंतरची दिवाळीची सुट्टी. मी पिशवी भरून जळगावची एस.टी. पकडायला निघालो होतो. चकल्या, झोप आणि बहिणीकडचा टीव्ही, एवढाच माझा कार्यक्रम. बाई अंगणात लुना पुसत होत्या. म्हणाल्या, "तुमची एस.टी. पारोळ्यावरूनच जाते ना? मग अलीकडे उतरा. काम आहे." मी विचारलं किती वेळाचं. म्हणाल्या, "सुट्टीभराचं." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना नाही म्हणायची सोय शाळेत कुणालाच नव्हती, आणि मी तर त्यांच्या छपराखाली राहत होतो.

धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना हायवेला लागून एक जुनी धर्मशाळा होती. आम्ही सगळ्यांनी ती एस.टी.च्या खिडकीतून शेकडो वेळा बघितलेली आणि एकदाही पाहिलेली नाही. काळ्या दगडाची, पुढे तीन कमानी, आत एक लांब ओसरी, बस. एका ट्रकनं मागे घेताना धडक दिली होती, त्यात मधली कमान कोसळली. दगड तिथेच गवतात पडून राहिले. मग रस्ता रुंद करायचं निघालं. इमारत धोकादायक म्हणून बांधकाम खात्याच्या माणसानं खांबावर लाल रंगाची फुली मारली. आता सुट्टीनंतर ती पाडायची होती.

बाईंनी खात्याच्या साहेबांना गाठलं होतं. साहेब विदर्भाकडचे, शांत, जपून बोलणारे. त्यांनी सांगितलं की रस्ता थोडा पलीकडे सरकवता येईल, पण पडकी इमारत मी रस्त्याकडेला ठेवू शकत नाही, उद्या कुणाच्या डोक्यावर दगड पडला तर जबाबदार मी. बाईंनी विचारलं, कमान पुन्हा उभी राहिली तर? साहेब म्हणाले, सुट्टी संपायच्या आत राहिली आणि मला पटली, तर फुली मी पुसतो. त्यांना वाटलं असणार, ही बाई परत यायची नाही. त्यांना बाई माहीत नव्हत्या.

त्या सुट्टीत बाईंनी आपले जुने विद्यार्थी गोळा केले होते, आता कॉलेजात गेलेले, मुलं आणि मुलीही. सगळ्यांची अंथरुणं धर्मशाळेच्या मागच्या शेतातल्या खळ्यावरच्या छपरात. तिथे पोचल्याबरोबर पहिलं भांडण झालं. धर्मशाळेची डावीकडची कमान शाबूत होती, तिला गावातल्या एका आबांनी पत्र्याचं दार बसवून कुलूप ठोकलं होतं आणि आत कडबा नि कपाशीच्या काड्या भरल्या होत्या. आबा त्या शेताचेही मालक. उंच, कडक, मिशी पांढरी. खळं वापरायला त्यांनी हरकत घेतली नाही, पण बाईंनी दार काढायला सांगताच ते ताठ झाले.

"बाई, हाई पडनारच शे," आबा म्हणाले. "तवलोंग मना कडबा ऱ्हावू द्या."

म्हणजे तोवर माझा कडबा राहू द्या. बाईंनी वाद घातला नाही. दाराच्या चौकटीला ओळंबा लावला, मान हलवली आणि पोरांना कामाला लावलं. आबा बराच वेळ चौकटीकडे बघत उभे राहिले. तिरकी होती हे त्यांनाही दिसलं असावं.

बाईंचं काम कसं चालायचं ते सांगतो. आधी त्यांनी जमिनीवर खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि खडूऐवजी राखेनं एक मोठं अर्धवर्तुळ काढलं. मग गवतातला एकेक दगड उचलून आणायचा आणि त्या रेषेवर त्याची जागा शोधायची. कमानीचे दगड वरून रुंद, खालून अरुंद घडवलेले असतात, त्यामुळे कुठलाही दगड कुठेही बसत नाही. दोन दिवस आमची कमान जमिनीवर आडवी पडलेली होती आणि बाई तिच्याभोवती हातात छडी घेऊन फिरत होत्या. पोरं वैतागली. दगड चढवायला लागू या, म्हणाली. बाई म्हणाल्या, "जमिनीवर जुळत नाही ते वर कसं जुळेल?" मी तर हाताला फोड आलेले दाखवून जळगावला पळायचा विचार करत होतो. फोड बघून त्यांनी मला हळद लावून दिली आणि पुन्हा दगडाकडे पाठवलं.

मग चुना. सिमेंटला बाईंची सक्त मनाई. त्यांचे वडील पुढे गवंडी झाले होते आणि चुना कसा करायचा ते त्यांनी लेकीला शिकवलं होतं. चुना आणि वाळू बैलाच्या चक्कीत, म्हणजे घाणीत, मळायची, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर आणि भिजवून आंबवलेली उडदाची डाळ. डाळीनं चुन्याला चिकटपणा येतो. धर्मशाळेच्या मागे जुनी घाणी अर्धी मातीत गाडलेली सापडली, दगडी गोल पन्हाळ आणि त्यात फिरणारं चाक. फिरवायला बैल हवे होते आणि बैल फक्त आबांकडे होते. आबांकडे मागायचे कुणी? तोवर बाईंनी धुळ्याहून लुनावर बांधून आणलेली उडदाची डाळ मोठ्या पातेल्यात भिजत घातली आणि पातेलं चुलीशेजारी झाकून ठेवलं.

इथे घोटाळा झाला, आणि तो खानदेशातच होऊ शकतो.

स्वयंपाक पोरंपोरी आळीपाळीनं करत होती. करत होती म्हणजे तांदळाची नासाडी करत होती. आबांच्या घरच्या अक्का, त्यांची बायको, येता-जाता हे बघत होत्या. नवऱ्याचं आणि बाईंचं बिनसलेलं असलं तरी परक्या लेकरांनी असलं अन्न खावं हे अक्कांना सहन होईना. एका संध्याकाळी आम्ही सगळे नदीवर वाळू आणायला गेलो असताना त्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकऱ्यांची चवड घेऊन आल्या. चुलीशेजारी बघतात तर भिजलेली उडदाची डाळ. त्यांनी ती शिजवली, घोटली, वर लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी दिली आणि वाट बघत बसल्या. खानदेशात भिजवलेल्या उडदाच्या डाळीचं दुसरं काय होणार?

आम्ही तुटून पडलो. किती दिवसांनी जेवल्यासारखं वाटलं. एकेकानं किती भाकऱ्या हाणल्या कुणास ठाऊक. बाई साहेबांच्या कचेरीतून उशिरा परतल्या, हातपाय धुतले आणि पहिल्यांदा पातेल्याचं झाकण उचललं. तळाशी वाटीभर घोटलेली, फोडणीची डाळ. तेव्हा कुठे आम्हाला उमगलं. अक्कांना काय झालं ते कुणीतरी हळूच सांगितलं, तशा त्या कपाळाला हात लावून खाली बसल्या.

"भिजेल डाळ दिखनी, मी रांधी टाकी," त्या पुटपुटल्या. "मले काय माहीत, ती भिंतले खावाडनी शे?"

बाईंनी झाकण खाली ठेवलं. मग त्यांनी ताट घेतलं. उरलेली डाळ अक्कांनी वाढली. बाईंनी भाकरी मोडली, जेवल्या, बोटं चाटली. म्हणाल्या, "कमान खाल्ली तुम्ही लोकांनी. पण झकास झाली होती." अक्का धीर येऊन भाकरी घेऊन पुढे झाल्या, आणि बाईंचा हात नेहमीसारखा ताटावर आडवा.

"का वं?" अक्कांनी विचारलं. "चांगली नही लागनी?"

आमच्या आईला जे उत्तर कधी मिळालं नाही ते अक्कांना मिळालं. बाई म्हणाल्या, "लहानपणची सवय आहे. आई सांगायची, लोकांच्या दारात एकदा मिळालं तेवढं घ्यायचं, दुसऱ्यांदा मागायचं नाही. वडील ह्याच रस्त्यावर खडी फोडायचे. पाऊस आला की गावात कुणी ओसरीवर उभं राहू द्यायचं नाही आम्हाला. आधी जात विचारायचे. ह्या इमारतीला दार नव्हतं, म्हणून विचारायला कुणी नव्हतं. माझे सगळे पावसाळे इथेच गेले. अक्षरं इथेच शिकले, ह्याच फरशीवर, कोळशानं."

अक्कांनी हळूच विचारलं, तेव्हाच्या ओसऱ्यांत आमची पण होती का. बाई म्हणाल्या, "सगळ्याच होत्या." आवाजात राग नव्हता, भूमितीची आकृती समजावताना असायचा तसाच आवाज होता. मला मात्र भडभडून आलं. इतकी वर्षं मी आणि आईनं ज्याला शिष्टपणा म्हटलं, तो हा होता. छपराच्या बाहेर खांबाला टेकून आबा उभे होते, अक्कांना न्यायला आलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते अक्कांना घेऊन गेले.

सकाळी उठून बघतो तर डावीकडच्या कमानीचं दार जागेवर नव्हतं. आबांनी ते पहाटेच उखडून ठेवलं होतं, कडबा शेतात नेऊन रचला होता आणि स्वतः उडदाचं पोतं खांद्यावर घेऊन येत होते. अक्कांनी घरोघरी सांगितलं होतं की आपल्या हातून कमानीची डाळ रांधली गेली. त्या वर्षीचा उडीद नुकताच घरात आलेला. बायाबापड्या पदरात, सुपात, डब्यात घेऊन आल्या. कुणी मूठभर, कुणी पायलीभर. बौद्धवाड्यातल्या बाया आल्या, पाटलांच्या घरातल्या आल्या, सगळ्यांचा उडीद एकाच पिंपात पडला. आबांनी बैल घाणीला जुंपले. पत्र्याच्या दाराचं आम्ही चुना कालवायचं तगार केलं. आबा त्याच्याकडे बघून म्हणाले, हे दार बरं कामाला आलं.

मधल्या कमानीची जागा आम्ही मातीनं आणि सुट्या विटांनी भरून काढली आणि वरून तो भराव अर्धगोल घासून गुळगुळीत केला. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी एकेक दगड चढवत न्यायचा. म्हणजे चुना सुकेपर्यंत वजन भरावावर, मग खालून भराव काढून घ्यायचा आणि कमानीनं स्वतःच्या जोरावर राहायचं. बाई पदर खोचून, पांढऱ्या बुटांनिशी बांबूच्या परांचीवर उभ्या असायच्या आणि ओळंबा हातातून सुटायचा नाही. जवळजवळ अख्खं गाव बघायला यायचं आणि येणारा रिकाम्या हातानं उभा राहू शकायचा नाही, कारण बाई त्याच्या हातात घमेलं द्यायच्या. सगळ्यात वरचा मधला दगड बसला तेव्हा आबांनीच नारळ फोडला. नंतरचे दिवस आम्ही कमानीवर ओली पोती टाकत आणि देवपुरातून आणलेला फराळ संपवत काढले. जळगावच्या चकल्या मी त्या वर्षी चाखल्याच नाहीत, आणि आश्चर्य म्हणजे मला आठवणही झाली नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी साहेब जीपनं आले. खालचा भराव काढायचा तो दिवस होता. साहेबांनी कमान बघितली, लांबूनच. म्हणाले, "बाई, पोरांना बाहेर काढा. माझ्या डोळ्यांदेखत कुणाला काही व्हायला नको." बाईंनी सगळ्यांना रस्त्याच्या कडेला उभं केलं. मग माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तुम्ही माझ्याबरोबर." का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

आम्ही दोघं खालून विटा काढत गेलो. माती भसाभसा अंगावर येत होती. वरचा दगड माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. शेवटच्या विटा निघाल्या आणि वर कुठेतरी 'कट्' असा आवाज झाला. चुन्याची भुकटी माझ्या मानेवर पडली. बाहेर एक मुलगी रडायला लागली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर उजेड होता. कमानीतून हायवे दिसत होता, जीप दिसत होती, ओळीनं उभं गाव दिसत होतं.

"बसली," बाई म्हणाल्या. "आता ती कुठे जात नाही."

पोरांनी एकच गिल्ला केला. पण साहेब हलले नाहीत. म्हणाले, आत्ता उभी आहे, घटकाभरानं पडली तर? बाईंनी कपाळावरची माती पुसली आणि सांगितलं की आमच्या वडिलांच्यात रीत होती, ज्यानं कमान बांधली त्यानं पहिलं जेवण तिच्याखाली जेवायचं. तुम्ही बघत राहा. आणि त्या कमानीच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसल्या. "अक्का, ताट आणा."

अक्का ताट घेऊन आल्या, पण त्यांचा पाय आत पडेना. तेव्हा आबा पुढे आले. चपला काढल्या, बाईंच्या शेजारी बसले.

"मनी डाळ शे वर," ते साहेबांना म्हणाले. "मनाच डोक्यावर कशी पडी?"

मग काय विचारता? ज्याची ज्याची मूठ त्या चुन्यात होती तो प्रत्येक जण आत येऊन बसला. तिन्ही कमानींच्या खालून अशी पंगत लागली की शेवटची माणसं उघड्यावर आली. बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्या पाटलीणबाईंच्या मांडीला मांडी लावून. वाढायला कळण्याची भाकरी, ठेचा आणि तीच, घोटलेली उडदाची डाळ. साहेब थोडा वेळ जीपला टेकून उभे राहिले. मग त्यांनीही बूट काढले. त्यांना बाईंच्या समोर जागा केली. दोन घास खाल्ल्यावर त्यांनी वर बघितलं, आणखी दोन घास खाल्ले आणि पुन्हा वर बघायचं विसरून गेले. ड्रायव्हरला हाक मारून म्हणाले, "ती लाल फुली पुसून टाका." ड्रायव्हर बिचारा चुन्याचं फडकं घेऊन पंगतीतून उठला. मी शेजारच्या पोराच्या पाठीत इतक्या जोरानं थाप मारली की त्याला ठसका लागला.

जेवता जेवता साहेबांनी एक सुचवलं, चांगल्या मनानंच. म्हणाले, एवढी मेहनत केलीत, आता तिन्ही कमानींना लोखंडी जाळीची दारं बसवून टाकू. खात्यातून मी करून देतो. कुलूप असलेलं बरं, नाहीतर कुणीही येऊन मुक्काम करेल.

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी तोंड उघडायच्या आत आबा बोलले.

"नको साहेब. दार नको." त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "रातबेरात कोनी उना, तं त्यानी कोठे जावं?"

बाई आबांकडे बघत राहिल्या. डावा हात पिशवीकडे गेला, ओळंबा अर्धा बाहेर आला. मग त्यांनी तो तसाच परत आत ठेवला. म्हणाल्या, "ह्यांना लावायची गरज नाही." आबांना काही कळलं नसावं, आम्हाला सगळ्यांना कळलं. पोरांपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळी पंगत खरकट्या हातांनी टाळ्या वाजवायला लागली.

अक्का पातेलं घेऊन दुसऱ्या फेरीला निघाल्या होत्या. बाईंच्या पुढ्यात आल्यावर सवयीनं त्या न थांबताच पुढे जायला लागल्या.

"अक्का," बाई म्हणाल्या आणि ताट उचलून पुढे केलं. "मला अजून वाढा."